यादीतलं तिसरं नाव

"काकू, घरात माणसं किती तुम्ही?" इरफाननं विचारलं.

"मोजून एक. दिसत नाही का?"

"मग हितं तीन कशी दिसायलीत?"

इरफान मुल्ला आमच्या भागातला इंटरनेटवाला. चाळिशीचा, तोंडात कायम बडीशेप. त्यानं स्टुलावर चढून कपाटावरचा राऊटर पुसला होता, वायरी काढून पुन्हा घातल्या होत्या, सगळे दिवे हिरवे करून दाखवले होते. तरी दुपारचे दोन वाजले की बेळगावच्या माझ्या बहिणीचा चेहरा मोबाइलवर चौकोनचौकोन होऊन अडकायचा आणि तोंड उघडं राहायचं. आठवडाभर मी त्याला फोन करकरून भंडावून सोडलं होतं. शेवटी तो बरोबर अडीचला आला. आता जमिनीवर मांडी घालून त्यानं माझ्याच मोबाइलवर राऊटरचं पान उघडलं होतं.

"ह्यो बघा तुमचा मोबाइल. ह्यो टीव्ही. आणि ह्यो तिसरा. तुमचं नेट वापरतोय कोणतरी. नाव बी लिहिलंय की वो."

मी चष्मा लावला. इंग्रजी अक्षरांत स्वच्छ लिहिलं होतं: पी. जी. तगारे.

मला राग आला असं म्हणणं खोटं ठरेल. मला आनंद झाला. दोन वर्षं मी ज्या माणसाचा एक चुकीचा पाय पडायची वाट बघत होते, त्याचा पाय माझ्या घरात पडला होता.

पद्माकर गोविंद तगारे म्हणजे आमच्या चैत्रबन सोसायटीचे सेक्रेटरी, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. राहायला पहिल्या मजल्यावर. मी तिसऱ्यावर, गच्चीच्या खाली. सांगलीत विश्रामबागेत आमची ती चार मजली पिवळी इमारत आहे. लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंत पोचायला फाटकातून आत आल्यावर पाच पायऱ्या. त्या पाच पायऱ्या मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आमच्या ह्यांना, भालचंद्रांना, पक्षाघात झाला आणि ते चाकाच्या खुर्चीत बसले. मी सुताराकडून सागवानी फळी करून घेतली, वर आडव्या पट्ट्या ठोकून घेतल्या. सकाळी नऊला ती पायऱ्यांवर टाकायची, ह्यांना खाली न्यायचं, कडुनिंबाखाली अर्धा तास बसवायचं, साडेनऊला फळी उचलून भिंतीला लावायची. अकरा दिवस हे चाललं. बाराव्या दिवशी सोसायटीच्या शिक्क्याचं पत्र आलं की सामायिक जागेत अडथळा करता येणार नाही. मी खाली जाऊन विचारलं तर तगारे म्हणाले, "हर्डीकर वहिनी, नियम म्हणजे नियम. आज तुमची फळी, उद्या कुणी शेळी बांधेल." वॉचमननं फळी गच्चीवर नेऊन टाकली. पावसात भिजून ती वाकली. हे आठ महिने बाल्कनीच्या गजांतून कडुनिंबाकडे बघत बसले आणि मग गेले. तिरडी त्याच पाच पायऱ्यांवरून उतरली. खांदा देणाऱ्यांत तगारे पुढे होते.

तर असा माणूस माझं नेट चोरून वापरत होता. आणि माझा पासवर्ड काय, तर ह्यांचं नाव आणि जन्मसाल. रोज दुपारी 'भालचंद्र' अशी अक्षरं दाबून तगारे माझ्या घरात शिरत होते. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"पासवर्ड कुणाला दिलावता का?" इरफाननं विचारलं.

"मी? कुणाला देईन?"

त्यानं खोलीभर नजर फिरवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी थांबला. मग खो खो हसायला लागला. मला सगळं कॅलेंडरावर लिहायची सवय. दूध किती घेतलं, सिलिंडर कधी लावला, कामवाली कधी आली नाही, गोळ्या कधी संपतात. त्याच महिन्याच्या दोन तारखेच्या चौकोनात मी लिहिलं होतं, 'वायफाय बसवला', आणि त्याखाली अख्खा पासवर्ड.

"काकू, घराला कुलूप लावायचं आणि किल्ली दारावरच टांगायची, असं झालंय हे."

"कुणी येत नाही रे माझ्याकडे."

पण हे म्हणता म्हणताच मला आठवलं. पंधरवड्यापूर्वी तगारे आले होते, न्हाणीघरातली गळती बघायला. बोलता बोलता कॅलेंडरासमोर उभे राहिले होते, हात पाठीमागे बांधून, परीक्षेतल्या सुपरवायझरसारखे. आणखी कोण येणार? माझी कामवाली, तिला अक्षर येत नाही. आणि त्यांची सून केतकी. ती संकष्टीला चंद्रोदय बघायला यायची. त्यांचं कॅलेंडर सासऱ्यांच्या खोलीत असतं म्हणे. ती आपली दोन मिनिटं उभी राहायची, वेळ बघायची, कधी वाटीभर खीर ठेवून जायची. अबोल पोर. तिचा नवरा चाकणला कारखान्यात, पंधरा दिवसांनी घरी येणारा.

"पासवर्ड बदलू? दोन मिनिटांचं काम हाय."

"नको."

"आं?"

"फक्त ह्या एकालाच तोडायचं असलं तर कसं तोडतात, ते दाखव."

त्यानं दाखवलं. नावावर बोट ठेवायचं, चौकोनात खूण करायची, मंजूर म्हणायचं. झालं. त्या माणसाच्या मोबाइलवर वायफाय दिसत राहतं, पण आत येता येत नाही. "पण आत्ताच करा की. वाट कसली बघायची?"

इरफानला कसं कळणार? मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, त्यातली पहिली सतरा ट्रंक कॉलच्या बोर्डावर. कानाला हेडफोन, समोर शेकडो भोकं, हातात त्यांत खुपसून लाइन जोडायच्या दोऱ्या. मुंबईला बोलायला माणसं तीन-तीन तास ताटकळायची आणि त्यांची नाडी माझ्या दोन बोटांत असायची. कुणी शिवी दिली, अरेतुरे केलं की आम्ही मुली तोंडातून शब्द काढत नसू. फक्त त्याचा नंबर लक्षात ठेवायचो. रिकाम्या वेळी तोडण्यात काही अर्थ नसतो. त्याला लाइन द्यायची, बोलू द्यायचं, तो मुद्द्याशी आला की हळूच दोरी काढायची. मग तो बसे हॅलो हॅलो करत.

पण आमचा एक नियम होता, आणि तो सगळ्यात दुष्ट मुलगीसुद्धा पाळायची. दोरी काढण्याआधी लाइनवर जाऊन विचारायचं, "बोलणं चालू आहे का?" विचारायचं म्हणजे ऐकायचं. पलीकडे कोण आहे, काय चाललंय. कधी कुणाच्या घरी मयत असायचं, कधी हॉस्पिटल असायचं. तेव्हा उद्धट माणसालासुद्धा आम्ही तीन मिनिटं वर देत असू.

तर मी वाट बघायला लागले. रोज दुपारी दोनला राऊटरचं पान उघडायचं. दोन वाजून पाच मिनिटांनी तगारे हजर. चारच्या आत गायब. मी कॅलेंडरावर टिपत गेले. 'सोम. त. २.०५ ते ३.५०.' 'मंगळ. त. २.१० ते ३.४०.' बहिणीशी बोलणं मी सकाळी करायला लागले. तिनं विचारलं काय करतेस दुपारी, तर म्हटलं शिकार करते.

पुढच्या संकष्टीला केतकी आली. कॅलेंडरापाशी उभी राहिली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "सासरे दुपारी काय करतात गं तुझे?"

"झोपतात," ती म्हणाली. "दोन ते चार."

"झोपतात?"

"हो. गाढ." मग ती माझ्याकडे जरा घाबरून बघत म्हणाली, "का हो काकू?"

"काही नाही. गळतीचं विचारायचं होतं."

सासऱ्यांची बाजू सावरते, असं मला वाटलं. म्हातारा दार लावून काय बघत असेल दुपारी दोन तास, ह्या विचारानं मला गुदगुल्या झाल्या.

संधी आपणहून चालत आली. एक दिवस लिफ्टमध्ये तगारे भेटले. त्या वर्षी माणसं पुन्हा घराबाहेर पडायला लागली होती, पण सभा, व्याख्यानं अजून पडद्यावरच चालायची. तगाऱ्यांच्या चेहऱ्यावर ताजी दाढी आणि मोठेपणा होता.

"वहिनी, येत्या शुक्रवारी तीन वाजता जरूर ऐका. निवृत्त अभियंत्यांच्या संघटनेत माझं बीजभाषण आहे, ऑनलाइन. साडेतीनशे लोक असणार. लिंक पाठवतो."

"कशावर आहे?"

"सार्वजनिक कामातील शिस्त."

मी म्हटलं, "अवश्य." आणि वर येऊन शुक्रवारच्या चौकोनाला लाल पेनानं गोल केला.

शुक्रवारी मी दुपारचं जेवण लवकर उरकलं. ठेवणीतली साडी नेसले. खरं सांगते, नेसले. ह्यांच्या फोटोला हार घातला. पावणेतीनला पान उघडून बसले. दोन बावन्नला यादीत तिसरं नाव उगवलं. मी पाठ ताठ करून बसले, पहिल्यांदा बोर्डावर बसले होते तेव्हासारखी.

तगाऱ्यांनी पाठवलेल्या लिंकवर मी गेले नाही. मला त्यांचं तोंड बघायचं नव्हतं. तीनला सुरुवात, पाच मिनिटं स्वागत, पाच मिनिटं परिचय, असा मी अंदाज बांधला. म्हणजे तीन दहाला तगारे घसा खाकरून मुद्द्याशी येतील. दाराबाहेर, गच्चीच्या जिन्यात कुणीतरी हलक्या आवाजात बोलत होतं, पोथी वाचल्यासारखं एका लयीत. मला तेवढाही आवाज नको होता. मी उठून दार घट्ट लावून घेतलं आणि परत येऊन बसले.

तीन वाजून दहा मिनिटांनी मी नावावर बोट ठेवलं, चौकोनात खूण केली, मंजूर म्हटलं. नाव गेलं.

मी ह्यांच्या फोटोकडे बघितलं आणि मोठ्यानं म्हणाले, "उतरवला बघा त्याला. फळीशिवाय." मग आलं घालून चहा केला. कॅलेंडरावर लाल गोलात लिहिलं, '३.१०. तगारे कट.' इतकं चांगलं मला दोन वर्षांत वाटलं नव्हतं.

संध्याकाळी मुद्दाम खाली गेले. जखम झालेला माणूस कसा दिसतो ते बघायचं होतं. तगारे फाटकापाशी चार-पाच जणांच्या घोळक्यात उभे होते, गळ्यात भाषणासाठी काढलेली शाल.

"वहिनी, ऐकलंत ना? पन्नास मिनिटं बोललो. शेवटी लोक सोडेनात."

"मध्ये काही... अडचण नाही आली?"

"छे. अडचण कसली? अहो, मी ते मोबाइलवर वगैरे करत नाही. हॉलमध्ये कॉम्प्युटर आहे, त्याला थेट वायर जोडलेली. मुलाकडून घेतला तेव्हाच मी सांगितलं, वायफायच्या भरवशावर काम नको."

मी शालीकडे बघत राहिले. तोंडातल्या तोंडात अभिनंदन म्हटलं आणि वर आले. रात्री जेवले नाही. डाव फसला, इतकंच तेव्हा डोक्यात होतं. मग दुपारी मोबाइलवर होता कोण, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडलाच नाही. चिडलेली होते ना.

सोमवारी संकष्टी होती. सकाळी दहाला केतकी आली. डोळे सुजलेले, केस तसेच बांधलेले. हातात खिरीची वाटी नव्हती.

"काकू, शुक्रवारी तुमचं नेट गेलं होतं का?"

"माझं? नाही बाई. का?"

ती नेहमीप्रमाणे कॅलेंडरापाशी गेली. चंद्रोदय बघायला बोट सोमवारच्या चौकोनाकडे गेलं, आणि वाटेतच थांबलं. लाल गोल शेजारच्याच आठवड्यात होता. तिच्या पाठीकडे बघताना माझ्या हातातली गवारीची शेंग तशीच राहिली.

"तीन दहाला तुम्ही कुणाला तोडलं?" तिनं न वळता विचारलं.

"तुझ्या सासऱ्यांना."

"सासरे तेव्हा भाषण करत होते. घरातले सगळे त्यांच्यासमोर बसले होते." आता ती वळली. "मी तुमच्या दाराबाहेर बसले होते. गच्चीच्या जिन्यात."

"पण मोबाइल तर..."

"त्यांचा जुना आहे. नवा घेतल्यावर मला दिला. त्यावर नाव त्यांचंच राहिलंय. मला बदलता येत होतं, पण रात्री ते माझा मोबाइल बघतात." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं. "घरातल्या वायफायला लावलं की त्यांना कळतं मी काय बघते ते. आणि रिचार्ज ते फक्त बोलण्यापुरतं भरतात. म्हणून तुमचं वापरलं. चुकलं माझं."

मी विचारलं, "काय करायचीस रोज?"

"अभ्यास. बी.फार्म. झालंय माझं, काकू. लग्नाआधी. पुण्याच्या एका औषध कंपनीत जागा होती. दोन मुलाखती झाल्या. शुक्रवारी शेवटची. बाबांचं भाषण तीनला म्हणून मी त्यांच्याकडून तीनचीच वेळ मागून घेतली. म्हटलं, तासभर मला कुणी हाक मारणार नाही. चाकणहून पुणं जवळ, नोकरी लागल्यावरच नवऱ्याला सांगणार होते." तिनं लाल गोलाकडे बघितलं. "चार प्रश्न झाले होते. पाचव्याचं उत्तर मला येत होतं."

"मग पुन्हा फोन कर ना त्यांना. मी सांगते, माझी चूक..."

"केला. रांगेत शंभर जण आहेत म्हणाले. जागा भरली."

शेंगा मांडीवरून खाली सांडल्या. माझ्या दारापासून गच्चीच्या जिन्याची पहिली पायरी आठ पावलांवर आहे. मी मोजली नंतर. तो आवाज मी ऐकला होता आणि दार लावून घेतलं होतं. सतरा वर्षं ज्या बोर्डावर बसले तिथं नवशिकी पोरसुद्धा लाइनवर जाऊन विचारायची. मी विचारलं नाही.

"मागितलं असतंस तर..." मी म्हणाले.

"दिलं असतंत? तगाऱ्यांच्या घरात?"

मला खोटं बोलता आलं नाही.

तिनं पुन्हा कॅलेंडराकडे बघितलं. "चंद्रोदय नऊ अकरा," असं म्हणाली आणि दार हलकेच ओढून घेऊन गेली.

त्याच क्षणी मी चौकोनातली खूण काढली. पासवर्ड बदलला नाही, मुद्दाम. कॅलेंडरावर तो तसाच राहू दिला. वर्ष संपल्यावर नव्या कॅलेंडरावर आणखी मोठ्या अक्षरांत लिहिला. रोज दोनला पान उघडून बसायचे. माझा मोबाइल, माझा टीव्ही. तिसरं नाव पुन्हा आलं नाही. बहिणीचा चेहरा आता एकदाही अडकत नाही. एकदा जिन्यात केतकीला गाठून मी म्हटलं, "अगं, माझ्या घरात बसून अभ्यास कर, दार लावून." ती म्हणाली, "नको काकू, आता वेळ नसतो," आणि भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. पुढच्या संकष्ट्यांचे चंद्रोदय तिनं कुठं बघितले, मला ठाऊक नाही.

ह्याला पाच वर्षं झाली. गेल्या साली तगारे न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. तेही चाकाच्या खुर्चीत बसले. बातमी ऐकली तेव्हा मला बरं वाटलं. देवासमोर उभी राहून सांगायला तयार आहे. मग सोसायटीची सभा झाली. नव्या सेक्रेटरीनं ठराव मांडला की पाच पायऱ्यांवर सिमेंटचा उतार करावा. तगारे खुर्चीत मान खाली घालून बसले होते. मागे खुर्चीच्या दोन मुठी धरून केतकी उभी होती.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. हर्डीकर बाई काय बोलतात, हे ऐकायला त्या दिवशी सभेला कधी न येणारे लोकसुद्धा आले होते. फळीची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. मीही सहा वर्षं तोंडात घोळवलेली वाक्यं घेऊनच खाली उतरले होते. नियम म्हणजे नियम. आज उतार, उद्या शेळी.

मग मी केतकीची मनगटं बघितली. काड्या झाल्या होत्या. उतार झाला नसता तर त्या पाच पायऱ्यांवरून तगाऱ्यांना रोज कोण उचलणार होतं? मी सगळ्यांच्या आधी हात वर केला.

उतार झाला. आता रोज दुपारी दोन ते चार ती त्यांना कडुनिंबाखाली बसवते. मी बाल्कनीत असते. उताराला चाकं लागली की ती अंगाचा सगळा भार मागे टाकून खुर्ची धरून ठेवते, आणि एक एक पाऊल उतरते. वर बघत नाही.